आमची वाटचाल : वायरमधून उभे राहिलेले पार्ट

आमचं मूळ काम भरावाचं. झिजलेला शाफ्ट, तुटलेला गिअरचा दात मिग वेल्डिंगने (विजेच्या आर्कने, म्हणजे सतत पेटत्या ठिणगीने, वायर वितळवून) भरायचा आणि लेथवर मापात आणायचा. झिजलेली जागा भरता येते, तर अख्खा पार्टच वायरमधून का उभा करू नये, हा विचार तिथेच आला. पुढे कळलं, राल्फ बेकर यांनी १९२० मध्येच आर्कने धातूचे थर रचण्याच्या पेटंटसाठी अर्ज केला होता.

सुरुवात एका साध्या भिंतीने केली. वेल्डिंगची टॉर्च रोबोच्या हातात, वायर १.२ मिमी, थराची उंची दोन मिमीच्या आसपास. दहाएक थर सुरेख बसले. मग कडेने धातू ओघळू लागला आणि भिंत जिच्यावर उभी होती त्या बेसप्लेटची टोकं वर उचलली गेली. आर्क पेटायचा तिथे उंचवटा, विझायचा तिथे खळगा. प्रत्येक थर एकाच बाजूने सुरू केल्याने हा फरक वाढतच गेला.

घाई नडली होती. खालच्या थरांची उष्णता प्लेट ओढून घेते, पण भिंत चढते तशी ती बाहेर पडायची वाट अरुंद होत जाते. आता एक थर उजवीकडून, पुढचा डावीकडून. प्लेट जाड घेतो, घट्ट क्लॅम्प करतो. साधं पोलाद असेल तर दीडशे अंशांच्या आसपास उतरल्याशिवाय पुढचा थर चढवत नाही.

एकदा मशीनिंग करताना टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं उघडी पडली. वितळलेल्या धातूला हवेपासून वाचवणाऱ्या गॅसची नळी एका जोडावर गळत होती. ग्राहकाला स्पष्ट सांगून तो पार्ट बाद केला आणि पहिल्या थरापासून पुन्हा उभारला.

‘शेवटी वेल्डिंगच ना, टिकेल का?’ हे अजून विचारलं जातं. ॲमस्टरडॅममध्ये २०२१ साली याच पद्धतीने बनवलेला स्टेनलेस स्टीलचा पादचारी पूल बसवला गेला, हे आम्ही सांगतो. पण आमचा खरा भरवसा नमुन्यांवर. त्याच वायरने, त्याच सेटिंगवर एक जादा भिंत उभारतो, थरांच्या दिशेने आणि थरांना काटकोनात असे तुकडे कापतो आणि ताण-चाचणीला पाठवतो.

बारीक नक्षीची कामं घेत नाही. पृष्ठभाग खवलेदार येतो, मशीनिंगसाठी माल जास्त ठेवावाच लागतो. मोठा पार्ट, एक-दोनच नग, कास्टिंगसाठी पॅटर्न (साचा घडवायचा नमुना) करणं परवडत नाही, अशी कामं मात्र मनापासून करतो. थर थंड होईपर्यंत रोबो उभा राहतो, तो वेळ आता कोटेशनमध्येच धरलेला असतो.