पुराचा थ्रेड खाली गेला तो दिवस

मी नाशिकमध्ये बसून एका निनावी डिस्कशन बोर्डाचं मॉडरेशन करते. तिथे पोस्ट टाकायला नाव, अकाउंट काहीच लागत नाही. लोकांना वाटतं आम्ही दिवसभर शिव्या पुसत बसतो, पण शिव्या फिल्टरच पकडतो. आमचा खरा वेळ जातो तो ऑफ-टॉपिकमध्ये, म्हणजे थ्रेडचा विषय सोडून टाकलेल्या पोस्टमध्ये, आणि त्याने काय होऊ शकतं हे आमच्या वरच्या लोकांना अजून पटलेलं नाही.

अशा बोर्डावर ज्या थ्रेडला नवा रिप्लाय येतो तो सगळ्यात वर जातो, याला बंप म्हणतात, जपानच्या टू-चॅनल या निनावी बोर्डावर १९९९ पासून हेच चालत आलंय. पण आमच्याकडे ठरावीक रिप्लाय झाले की बंप लिमिट लागतं, मग कितीही लिहा तो थ्रेड वर येत नाही, सरकत सरकत शेवटच्या पानावरून गायब होतो. म्हणजे थ्रेडमध्ये भलत्याच विषयावर भांडणारा प्रत्येक जण त्या थ्रेडचं आयुष्य कमी करत असतो.

पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला त्या दिवशी सकाळीच पुराचा थ्रेड सुरू झाला. सुरुवात छान होती, रामकुंडाजवळच्या ज्या मूर्तीवरून आम्ही नाशिककर पूर मोजतो त्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्यापर्यंत पाणी आलं, कमरेपर्यंत आलं, होळकर पुलाखाली काय स्थिती आहे, सराफ बाजारातल्या दुकानदारांनी माल हलवा वगैरे. मग कोणीतरी दारणा धरणाच्या विसर्गाचा आकडा टाकला आणि घबराट उडाली. अरे दारणा गोदावरीला मिळते ती शहराच्या खाली, निफाडच्या बाजूला, तिच्या पाण्याने रामकुंडावर पाणी कसं चढेल? हे मी थ्रेडमध्ये लिहिलं आणि त्या पोस्ट काढल्या. मग ऑगस्ट २०१९ च्या पुराचे व्हिडिओ 'आत्ताचे' म्हणून यायला लागले. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेल्या फाइलमध्ये मूळ तारीख उरत नाही, त्यामुळे एकेक फ्रेम इमेज सर्चला टाकून बघावी लागते, आणि हे मी जेवण सोडून केलं. तोवर तिकडे पूररेषेत बांधकामाला परवानगी कोणी दिली, नदीत काँक्रीट कोणी ओतलं, महापालिका काय झोपली होती का, यावर तुफान जुंपली. विषय महत्त्वाचाच आहे, मलाही त्याची चीड आहे, पण तो वेगळ्या थ्रेडचा विषय आहे! दुपारी लिमिट लागलं आणि पुराचा थ्रेड खाली गेला. वर काय आलं, तर लासलगावच्या कांद्याच्या भावाचा थ्रेड.

आणि त्या कांद्याच्या थ्रेडमधली पोस्ट माझ्या क्यूमध्ये, म्हणजे तपासायच्या पोस्टच्या रांगेत आली. भांडी बाजार, खाली पाणी शिरलंय, आम्ही वरच्या मजल्यावर, आजी ऑक्सिजन मशीनवर आहे, लाइट गेली, इन्व्हर्टर संपत आलाय, सिलेंडर कुठे मिळेल. हेच अजून दोन-तीन थ्रेडमध्ये पेस्ट केलेलं, त्यामुळे फिल्टरने स्पॅम म्हटलेलं, वरून लोकांचे ऑफ-टॉपिक म्हणून रिपोर्ट. नियमाप्रमाणे डिलीट आणि एक दिवसाचा ब्लॉक. टीम लीड म्हणाले, "नियम लाव आणि पुढे चल, क्यू तुंबलाय." त्यांना क्यू दिसतो, बाकी काही दिसत नाही, हे माझं स्पष्ट मत आहे.

मी डिलीट केलं नाही. पुराचा नवा थ्रेड उघडला, पिन करून सगळ्यात वर अडकवला, ती पोस्ट तिथे हलवली, खाली लिहिलं की आधी १०८ ला फोन करा, अँब्युलन्समध्ये ऑक्सिजन असतो, पाण्यातून बाहेर काढायला १०१ किंवा ११२. लोक लगेच मदतीला आले, सिलेंडर भाड्याने देणाऱ्यांचे नंबर टाकले, आणि आमच्या सिस्टीमने ते सगळे नंबर झाकून टाकले, कारण कोणाचा खाजगी नंबर पसरू नये म्हणून दहा आकडे दिसले की फुल्या पडतात. नियम चांगला आहे, त्याने कितीतरी मुली वाचल्यात. पण मग मला एकेक नंबर दुकानाचाच आहे ना ते बघून हाताने उघडावा लागला.

थोड्या वेळाने एक पोस्ट आली, "मिळाला, थँक्यू". पण आयडी वेगळा. आमच्याकडे पोस्टवर दिसणारा आयडी आयपीवरून, म्हणजे नेट कनेक्शनच्या पत्त्यावरून बनतो आणि मोबाइल डेटावर आयपी बदलत राहतो, त्यामुळे ती पोस्ट त्याच माणसाची होती की कोणीतरी उगाच टाकली हे मला कळायला मार्गच नाही. दुसऱ्या दिवशी तर तोच आजीचा मजकूर लोक मस्करी म्हणून क्रिकेटच्या, सिनेमाच्या थ्रेडमध्ये चिकटवायला लागले. मी दिसेल ती कॉपी काढली. वाचताना पोटात ढवळत होतं, कारण शब्द न शब्द तेच, खरी पोस्ट आणि मस्करी यात दिसायला काही फरक नाही.

रात्रपाळीचा एक जण अजून म्हणतो की पहिली पोस्टपण मस्करीच होती. असेल. मी त्याला विचारलं, मग नवा थ्रेड उघडून आपलं काय गेलं? त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

मी वरती मेल टाकलाय. पूर, आग, अपघात अशा थ्रेडला बंप लिमिट नको, आणि जिवाच्या मदतीची पोस्ट कुठल्याही थ्रेडमध्ये आली तरी ती ऑफ-टॉपिक धरायची नाही, हलवायची. 'पुढच्या क्वार्टरला बघू' असं उत्तर आलंय. पुढच्या क्वार्टरला पावसाळा संपलेला असेल, हेही मी त्यांना कळवलंय.