शिट्टीची दोरी

नाशिकला पाथर्डी फाट्याजवळच्या एका सोसायटीत मी रात्रपाळीला असतो, आठ ते आठ. अंबडची कंपनी बंद पडली तेव्हापासून हेच. रात्री दोननंतर गेटवर येऊन येऊन येणार कोण? कुत्री, उशिरा सुटलेला एखादा कंपनीवाला, पहाटे दूधवाला. गेल्या गुरुवारी पावणेतीनला पोलिसांची जीप आली.

एरवी बीट मार्शल, म्हणजे गस्तीचे पोलीस, येतात. मोटारसायकलवर बसल्या बसल्या "काय काका, शांत ना सगळं?" विचारतात, रजिस्टरात सही ठोकतात, निघतात. हे साहेब नवे होते. खांद्यावर दोन स्टार, वय माझ्या थोरल्यापेक्षा कमीच. गेट उघडलं आणि नेहमीप्रमाणे रजिस्टर पुढे केलं.

"साहेब, तेवढी एंट्री."

"मी एंट्री करू? तू मला नियम शिकवतो?"

बरं, राहिलं. मग म्हणाले, सिंहस्थ तोंडावर आलाय, भाडेकरूंची यादी दाखव. मागणी चुकीची नव्हती. पण यादी सेक्रेटरींच्या कपाटात आणि सेक्रेटरी चौथ्या मजल्यावर झोपेत. "फोन लावू का?" म्हटलं, तर "त्यांना कशाला उठवतो, तू दे." आता मी कुठून देणार?

मग माझ्याच टेबलावर बसून त्यांनी रजिस्टर चाळलं. पान न् पान, थुंकी लावून. शेवटच्या पानावर बोट ठेवलं.

"आज रात्री पोलीस येऊन गेल्याची नोंद कुठंय यात?"

"साहेब, तीच तर करा म्हणत होतो."

जीपचा ड्रायव्हर फिस्सकन हसला. तिथंच बिघडलं. साहेब उठले, टॉर्च माझ्या अंगावर मारला, वरून खाली, खालून वर. निळा शर्ट, काळी पँट, दंडावर एजन्सीचा बिल्ला आणि खांद्याला शिट्टीची दोरी. दोरीवर टॉर्च थांबला.

"ही पोलिसांची दोरी तू कशी लावली? दोन वर्षं आत जाशील."

भरतीच्या वेळी आम्हाला वर्गात बसवून हे सगळं घोकून घेतलंय. 2005 च्या खासगी सुरक्षा कायद्यात पोलिसांसारखा किंवा लष्करासारखा गणवेश घातला तर शिक्षा आहे, खरं आहे. पण ती जास्तीत जास्त एक वर्ष किंवा पाच हजार दंड, किंवा दोन्ही, आणि गार्डसोबत एजन्सीचा मालकही त्यात येतो. आणि दोरी? केंद्राच्या नमुना नियमांत गार्डच्या गणवेशात शिट्टी, ती अडकवायची दोरी, बिल्ले, लेसचे बूट, टोपी, सगळं लिहून दिलंय. दोरी नसली तर उलट विचारा ना मला! माझ्या डोक्यावर त्या वेळी बायकोनं विणलेली लाल कानटोपी होती. तिच्यावर बोलले असते तर एकवेळ ऐकून घेतलं असतं. नाशिकची डिसेंबरची थंडी काय असते हे त्यांनाही कळलं असावं, त्यांच्याही गळ्यात मफलर होता.

मी एवढंच म्हणालो, "साहेब, नियमात आहे ती." आवाज चढवला नाही. पण साहेबांनी हात घालून दोरी ओढली, बटणासकट निघाली. शिट्टी माझ्या हातात दिली, दोरी खिशात घातली. "जप्त," म्हणाले. जीप वळली तेव्हा ड्रायव्हरनं माझ्याकडे बघून हात केला, माफी मागितल्यासारखा. त्याचं काय चुकलं?

मी नोंद केली: वेळ, जीपचा नंबर, "सही करण्यास नकार". सकाळी सेक्रेटरी म्हणाले, ही ओळ खोड, कशाला लफडं. मी म्हटलं, खोडाखोड चालत नाही हे तुम्हीच पहिल्या पानावर लिहिलंय. त्यांनी चष्मा लावून पहिलं पान वाचलं आणि गप बसले.

एजन्सीच्या सुपरवायझरला फोन करून नवी दोरी मागितली.

"जुनी कुठं गेली?"

"पोलिसांनी जप्त केली."

"पंचनामा झाला का? पावती पाठव, नाहीतर पगारातून कापावे लागतील."