जिन्याचं दार

आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या वसाहतीत ज्याचं त्याचं दार वेगळं, स्वयंपाकघर वेगळं. सामायिक म्हणाल तर लिफ्ट, जिना, पॅसेज आणि खालचा हॉल. पुण्याबाहेरची सात मजली इमारत, राहणारे बहुतेक सत्तरीपुढचे. मी शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरी केलेली, एवढ्या भांडवलावर कमिटीनं "आगीचं तुम्ही बघा, बाई" म्हणून फाइल माझ्या हातात ठेवली. आमच्या प्रयोगशाळेत वाळूच्या लाल बादल्या असायच्या आणि त्या वाळूत मुलं खडू पुरून ठेवायची. आगीशी माझा संबंध तेवढाच.

फाइल बघितली तर सगळं आलबेल. महाराष्ट्राच्या २००६च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र घेऊन सादर करावं लागतं. त्यालाच सगळे 'बी फॉर्म' म्हणतात. आमचे सगळे बी फॉर्म वेळेवर, सही-शिक्क्यासकट. मी एवढंच म्हटलं, यंदा सही करण्याआधी एकदा पाणी सोडून दाखवा.

पाणी आलंच नाही. पंपाचा स्विच ऑटोवर हवा, तो बंद होता. वॉचमन म्हणाला, "रात्री आपोआप सुरू व्हायचा बाई, लोक ओरडायचे. म्हणून बंद केला." पाइप कुठेतरी गळत होता, दाब उतरला की पंप सुरू व्हायचा. म्हणजे तो बिचारा नेमून दिलेलं काम करत होता आणि आम्ही त्याचंच तोंड बंद केलं. मग होजच्या, म्हणजे आग विझवायच्या नळीच्या, पेट्या उघडल्या. चार मजल्यांवरची, नळीच्या तोंडाला लावायची पितळी नोझल गायब! पितळेला भंगारात भाव चांगला मिळतो. इतकी वर्षं सह्या कशाच्या जोरावर होत होत्या, हे विचारल्यावर त्या एजन्सीच्या माणसानं फोन उचलणं बंद केलं. एजन्सी बदलली, पाइप दुरुस्त केला, नोझल आणली. पैसे टाकून होणारी कामं होती ती, दोन महिन्यांत झाली.

खरा ताप झाला पॅसेजचा. चपलांची कपाटं, वर्तमानपत्रांची रद्दी, तुळशी, कुणाच्या नातवाची जुनी सायकल. आणि तिसऱ्या मजल्यावरचं लाकडी बाकडं. तिथं रोज चार वाजता सहा-सात जणी बसायच्या. आग लागून लायटी गेल्यावर धुरात कुणी आंधळ्यासारखं चाचपडत आलं तर पहिली ठेच त्या बाकड्याचीच लागणार, हे मी नकाशा काढून समजावलं. "मग आम्ही बसायचं कुठं? आपापल्या खोलीत टीव्हीसमोर?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाकडं बागेत नेलं, पण संधिवातवाल्या दोघी रोज बागेपर्यंत उतरत नाहीत. त्या अजून माझ्याशी तुटक बोलतात.

जिन्याच्या दाराचं तर निराळंच. ते आपोआप मिटणारं जड दार. ते बंद असलं की पॅसेजमधला धूर जिन्यात शिरत नाही, आणि आगीत लिफ्ट वापरायची नाही म्हटल्यावर उतरायला जिनाच उरतो. पण वॉकर घेऊन चालणाऱ्याला ते ढकलवत नाही, म्हणून प्रत्येक मजल्यावर दाराला वीट लावलेली. नुसत्या विटा उचलून काय होणार? नव्या एजन्सीच्या मुलानं क्लोजरचा, म्हणजे दार आपोआप मिटवणाऱ्या यंत्राचा, ताण कमी करून दिला. पहिल्या दोन मजल्यांवर वॉकरवाले जास्त, तिथं चुंबकी पकड बसवली. एरवी दार उघडं राहतं, अलार्म वाजला की सुटून मिटतं. बाकीच्या मजल्यांना कमिटीनं पैसे नाहीत म्हणून सांगितलं.

जिन्याखाली चार्जिंगला लावलेली बॅटरीची तीनचाकी दोन मिनिटांत हलली. मालक स्वतः निवृत्त इंजिनियर, त्यांनीच पार्किंगच्या मोकळ्या बाजूला पॉइंट काढून घेतला.

एप्रिलच्या अग्निशमन सप्ताहात कवायत घेतली. अलार्म वाजला आणि कुणी बाहेरच येईना. अर्ध्यांनी दुपारी कानातलं मशीन काढून ठेवलेलं! आले त्यातले निम्मे लिफ्टपाशी उभे. एक आजी मेथीची जुडी हातात घेऊन उतरल्या, निवडायची राहिली होती म्हणाल्या. त्या दिवसापासून वॉचमनकडे एक वही आहे: कुणाला ऐकू येत नाही, कुणाला उचलून आणावं लागेल. वहीत नाव घालायला पहिल्यांदा कुणीच तयार नव्हतं. "मी काय अंथरुणाला खिळलोय का?" शेवटी माझंच नाव वर लिहिलं, 'उजवा गुडघा, एकटीनं जिना उतरत नाही', आणि वही फिरवली. चौदा नावं आली.

जुलैचा बी फॉर्म गेला, या वेळी पाणी बघून. परवा चारच्या सुमारास तिसऱ्या मजल्यावर गेले, तर जिन्यातून हसण्याचे आवाज. सगळ्या जणी पायऱ्यांवर ओळीनं बसलेल्या, आणि वारा यावा म्हणून दारात कुणाची तरी चप्पल अडकवलेली.