चहाच्या टपरीवरच्या अकरा विहिरी

जुन्नर तालुक्यातल्या एका वाडीतल्या विहिरींची नोंद करायला आम्ही छोटं अँड्रॉइड ॲप बनवलं होतं. वाडीतल्या बायकांनीच विहिरीवर जायचं, पाणी किती खोल आहे ते मोजायचं, फोटो काढायचा आणि बटण दाबून जागा टिपायची. पहिल्या दिवसाच्या नोंदी रात्री नकाशावर उघडल्या, तर 23 पैकी 11 विहिरी फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर!

चूक माझी होती. जागा विचारायला मी गेटलास्टलोकेशन हे तयार फंक्शन वापरलं होतं. ते नव्याने काही मोजत नाही. फोनमध्ये शेवटची जी जागा साठलेली असेल तीच उचलून देतं. सकाळी टपरीवर जमल्यावर कुणी नकाशा उघडून पाहिला असेल, तीच जागा पुढे विहिरीवरही मिळत राहिली. आणि आकडे दिसायला इतके नेमके! सहा दशांश स्थळं म्हणजे अक्षांशात साधारण 11 सेंटिमीटर. मी त्या आकड्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवला.

मग जागा त्या क्षणी नव्याने मोजणारं गेटकरंटलोकेशन लावलं, जुनी जागा चालणार नाही असं त्याला बजावलं. घरी छान चाललं. वाडीत मात्र बरेचदा उत्तर 'नल', म्हणजे जागा मिळालीच नाही. तिथे रेंज नाही, म्हणजे जीपीएसचे उपग्रह कुठे आहेत ही ताजी माहिती नेटवरून पटकन मिळत नाही. ती उपग्रहाकडूनच घ्यायची तर सिग्नल स्वच्छ असतानाही 30 सेकंदांच्या आसपास जातात, आणि जागा ठरवायला किमान चार उपग्रह लागतात. तेही सुमारे 20,200 किलोमीटरवरून बोलणारे. आमच्या बऱ्याच विहिरींवर तर आंब्याची दाट सावली.

शेवटी जागा पुन्हा पुन्हा मोजत राहणारं रिक्वेस्टलोकेशनअपडेट्स घेतलं आणि अचूकतेचा आकडा स्क्रीनवर मोठ्या अक्षरात दाखवला. हा आकडा म्हणजे एका वर्तुळाची त्रिज्या: 12 मीटर दिसले तर खरी जागा त्या वर्तुळात असण्याची शक्यता 68 टक्के. आकडा 15 च्या खाली आल्याशिवाय बटण उघडत नाही. जागेसोबत तो आकडा आणि वेळ दोन्ही साठवतो. मला विचाराल तर या दोन गोष्टींशिवाय अक्षांश-रेखांश साठवूच नयेत.

एक अडचण परवानगीची होती. अँड्रॉइड 12 पासून 'अंदाजे' जागा देण्याचाही पर्याय असतो, आणि तो निवडला की सुमारे 3 चौरस किलोमीटरच्या पट्ट्यातली कुठलीही जागा मिळते. अख्खी वाडी त्यात मावते. आता नेमकी जागा कशाला हवी ते ॲप आधी मराठीत सांगतं आणि मगच परवानगी मागतं.

परवा पुन्हा वाडीत गेले होते. देवळामागच्या विहिरीवर एक काकू फोन धरून उभ्या. आकडा 38 वर अडलेला. त्या आंब्याखालून चार पावलं उन्हात सरकल्या. 24, 17, 14... मी बटणाकडे बोट केलं, तर म्हणाल्या, "थांब गं पोरी, अजून उतरतोय." 9 वर त्यांनी बटण दाबलं.