काळी चारचा गंधार

मागच्या दसऱ्याच्या आधीची गोष्ट आहे. नागपुरात त्या पंधरा दिवसांत आमच्यासारख्या छोट्या स्टुडिओवाल्यांना मान वर करायला फुरसत नसते, कारण धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लोक यायच्या आत प्रत्येकाला आपापलं भीमगीत यूट्यूबवर पाहिजे असतं, आणि तेही कालच पाहिजे असतं. माझी खोली मानेवाड्यात, दहा बाय बारा. एसी आहे पण टेक घेताना बंद करावा लागतो, त्यामुळे ऑक्टोबर हीटमधे गाणारा आणि मी, दोघंही शिजून निघतो.

त्या दिवशी कामठीकडून एक पोरगी आली, सोबत तिचे वडील, ऑटोत तंबोरा आडवा घालून. काकांचं अख्खं आयुष्य पेटी दुरुस्त करण्यात गेलेलं, रीड घासून घासून बोटं काळी पडलेली. चाल भूप रागाच्या अंगाची, पट्टी काळी चार, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर सा. मी रीपरमधे (माझं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) ट्रॅक आधीच तयार ठेवला होता: ढोलकी, बेस, आणि खाली सर्ज एक्सटीचं एक मोठ्ठं मऊ पॅड, म्हणजे मागे लांबत राहणारा भरीव आवाज. सर्ज म्हणजे कॉम्प्युटरवर वाद्यासारखे आवाज काढणारा फुकटातला सिंथ प्लगिन, २०१८ पासून ओपन सोर्स, आणि खरं सांगतो, पैसे देऊन घेतलेले दोन प्लगिन माझ्याकडे धूळ खात पडलेत त्याच्यापुढे.

पोरगी गायली मस्त. पण प्रत्येक वेळी गंधारावर थांबली की काहीतरी हलायचं, वँव, वँव, वँव, सेकंदाला दोनेक हेलकावे. ट्यूनर लावून पाहिला तर सा बरोबर, प बरोबर, आणि ग दहा-पंधरा सेंट खाली (कीबोर्डच्या एका पट्टीपासून लगेच शेजारच्या पट्टीपर्यंत शंभर सेंट). मी मनात म्हटलं जाऊ दे, नंतर पिच करेक्शनमधे ओढून घेऊ, एवढं तर सगळेच ओढतात. तरी टॉकबॅकवर, म्हणजे गाणाऱ्याशी बोलायच्या माइकवर, बोललोच, "ताई, ग थोडा वर घे ना."

तिने घेतला. पॅडसोबत बसला, पण गाणं एकदम प्लॅस्टिकसारखं वाटायला लागलं. काका मागे स्टुलावर बसले होते, ते उठून आले.

"बाबू, पोट्टीले काहून दाबून राहिला? तिचा ग बरोबर आहे. तुह्या डब्ब्याचा चढला आहे."

मी म्हटलं काका, हा कॉम्प्युटर आहे, हा कसा चढेल. ते काहीच बोलले नाही, तंबोऱ्याचा खोळ काढला, खर्जाची तार छेडली आणि म्हणाले, "आईक." मी उगाच माइक पुढे धरला आणि आवाजातले सगळे स्वर स्क्रीनवर दाखवणारा ॲनालायझर उघडला. तार १०४ हर्ट्झच्या आसपास, आणि तिच्या पाचपट, ५१९ वर, एक चांगला उंच काटा. तोच तारेतला गंधार. पॅडचा तोच ग ५२३ वर. माझी बोलती बंद.

म्हणजे झालं असं की कीबोर्डवर सप्तकाचे बारा सारखे तुकडे केलेले असतात, त्यात सा ते ग ४०० सेंट येतो. तारेतला ग ३८६. पोरगी लहानपणापासून तंबोऱ्यावर शिकलेली, तिला ३८६ वालाच माहीत. काका हसून म्हणाले, पेटीचाही ग असाच चढा असतो, म्हणून तर १९४० मधे रेडिओवाल्यांनी पेटी बंद केली होती. (बंदीची कारणं अजूनही होती म्हणा, पण पेटी दुरुस्त करून पोट भरणाऱ्या माणसाच्या तोंडून हे ऐकायला मजा आली.)

सर्जमधे स्वतःची ट्यूनिंग टाकता येते हे मला माहीत होतं, कधी हात लावला नव्हता. बारा स्वरांची साधी टेक्स्ट फाइल असते, ग समोर ५/४ (सा च्या सव्वापट), प समोर ३/२ (दीडपट), अशी. टाकली. आणि आधीपेक्षा वाईट! ग जागचा हललाच नाही, उलट सा च चौदा सेंट वर चढून बसला. कारण फाइल सा धरते पांढरी एकला, आमचा सा काळी चारला. मग कीबोर्ड मॅपिंगमधे सा काळी चारवर नेला, तर आता सा बारा सेंट उतरला. इथे मी अर्धा तास घालवला, काकांनी तेवढ्यात दोन चहा घेतले. शेवटी कळलं की हे मॅपिंग ए (पांढरी सहा) बरोबर ४४० हर्ट्झ हाच खुंटा धरून बसलंय आणि त्याच्यापासून सा मोजून राहिलंय. खुंटा काढून थेट काळी चारवर ठोकला, २०७.६५ हर्ट्झ, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

पोरीला परत गायला लावलं, काहीच न सांगता. गंधारावर आली आणि हेलकावे गायब. आवाज आणि पॅड असे चिकटले की दोन सेकंद मला वाटलं पॅडचा ट्रॅक म्यूट राहिलाय. तिने डोळे उघडून काचेतून विचारलं, "दादा, काय केलं?"

पण अंतऱ्यात गोची झाली. तिथे मी रे-म-ध ची कॉर्ड (तिन्ही स्वर एकदम) टाकली होती, आणि या नव्या ट्यूनिंगमधे रे ते ध चा पंचम, म्हणजे सा ते प एवढं असायला हवं ते अंतर, बावीस सेंट आखूड पडतो, कुत्रं विव्हळल्यासारखा आवाज. ते जुळवत बसायला वेळ नव्हता, पुढची पार्टी खाली गाडी लावून उभी होती. मी सरळ त्या चार मात्रांत पॅड बंद केलं आणि ढोलकी थोडी वर घेतली. गाणं पास झालं, कोणाला काही कळलं नाही.

निघताना काका दारात चपला घालत म्हणाले, "अंतऱ्यात तुहा डब्बा चुप बसला होता ना?"