तुम्ही विचारलंत म्हणून: बंदी होती तेव्हा बरं होतं की आता?

लग्नात, एसटीत, दहावीचे पेपर तपासायला बसल्यावर, कुठेही गेलं तरी कोणीतरी विचारतंच. "मॅडम, तुम्ही तर शाळेत आहात. खरं सांगा, चंद्रपुरात दारूबंदी होती तेव्हा पोट्टे जास्त बिघडले की उठल्यावर?"

विचारणाऱ्याचं उत्तर ठरलेलं असतं, त्याला फक्त माझा होकार हवा असतो. अर्ध्यांना ऐकायचं असतं की बंदीनंच पोरांना धंद्याला लावलं. उरलेल्यांना ऐकायचं असतं की दुकानं उघडली आणि गाव बुडालं. दोघांनाही मी आजवर "दोन्ही बाजू आहेत हो" म्हणत कटवलं. आता लिहूनच टाकते. पुढच्या वेळी मोबाइल पुढे करीन.

आधी हे सांगते की मी बंदीवाली. २०१० च्या डिसेंबरात चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर बायकांचा पायी मोर्चा निघाला, त्यात मी होते. पूर्ण नाही, उमरेडपर्यंत. पुढे शाळा होती, रजा शिल्लक नव्हती. तेव्हाची मी फार खात्रीनं बोलायची. दुकान बंद झालं की नवरा घरी येईल, नवरा घरी आला की पोराच्या वहीला पैसे उरतील, आणि पोरगं बापाचं बघून शिकतं ते शिकणारच नाही, असा सरळ हिशोब होता. १ एप्रिल २०१५ ला बंदी लागू झाली तेव्हा आमच्या गावात बायकांनी एकमेकींना गुलाल लावला. त्या गुलालाची मला आजही लाज वाटत नाही. ती वाटावी असं ज्यांना वाटतं, त्यांच्यातलं एकही माणूस त्या बायकांच्या घरी रात्री अकराला राहिलेलं नाही.

आता दुसरी बाजू, जी मी मोर्चातल्या मैत्रिणींसमोर बोलत नाही.

आमचं गाव वर्धा नदीच्या काठचं. पलीकडे यवतमाळ जिल्हा, तिथं दुकानं उघडी. एवढं सांगितलं की आमच्याकडचा माणूस पुढचं समजतो. इकडे ५०-६० रुपयांचा देशीचा पव्वा १५० ला जायला लागला. मधले पैसे कोणाचे तरी होणारच होते.

नववीतला एक मुलगा. कबड्डीत चांगला, गणितात जेमतेम. हिवाळ्यातली सकाळची शाळा. तो वर्गात आला आणि बाकावर दप्तर ठेवलं ते दोन्ही हातांनी, अंड्यांचा ट्रे ठेवावा तसं. नववीतलं पोरगं दप्तर ठेवत नाही, फेकतं. मी मधल्या सुट्टीपर्यंत थांबले. मग त्याला थांबवून घेतलं आणि म्हटलं, उघड.

वर विज्ञानाचं पुस्तक आणि दोन वह्या. खाली जुने मोजे, शाळेचेच, पांढरे, टाचेला फाटलेले. प्रत्येक मोज्यात एक पव्वा. एकमेकांवर आपटून वाजू नयेत म्हणून. दुसऱ्या वहीच्या मागच्या पानावर पट्टीनं रेघा मारून रकाने पाडले होते: आणले, पोचवले, फुटले. फुटलेल्यांचे पैसे त्याच्याच मजुरीतून कापले होते, आणि ती वजाबाकी त्यानं बरोबर केली होती. मी ते पान किती वेळ बघत राहिले कोण जाणे. तो म्हणाला, "मॅडम, मी पीत नाई. देवाशप्पत." मी त्याच्या तोंडाचा वास घेतला. हो, घेतला. पीत नव्हता.

मुख्याध्यापकांचं म्हणणं होतं, मागच्या नाल्यात ओता आणि विषय संपवा, शाळेचं नाव पेपरात यायला नको. मी ओतले नाहीत, ऑफिसच्या कपाटात कुलपात ठेवले. संध्याकाळी त्याच्या घरी गेले.

त्याच्या मायला मी ओळखत होते. मोर्चात भिसी गावच्या रस्त्यावर ती माझ्या पुढे चालत होती. तिच्या चपलेचा अंगठा तुटला होता, तो तिनं सुतळीनं बांधला होता आणि घोषणा सगळ्यांत मोठ्यानं देत होती. त्या संध्याकाळी ती चुलीपुढे तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी सांगितलं. तिनं हात थांबवले नाहीत.

"पोट्टा पीत नाई मॅडम. आणून देते फक्त."

मी म्हटलं, तुम्ही माझ्यासोबत चालल्या होत्या ना?

"चालली होती तं. माह्या नवऱ्यानं सोडली का? सोडली असती तं हे कायले करू देली असती मी? त्याले दारू महाग झाली, मले घर महाग झालं. पोट्टा आणते तं किराणा येते. तुमचा पगार एक तारखेले येते."

मी नियम सांगितले, पोलिसांचं सांगितलं, त्याच्या शिक्षणाचं सांगितलं. ती म्हणाली, "बाटली बंद करा मनलं होतं आमी. पोट्ट्याले बाटली उचलाले लावा, असं कोनी मनलं होतं?"

याचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं. आज आहे असं तुम्हाला वाटत असेल तर पुढचं वाचू नका.

त्या रात्री मी कायदा वाचला. बाल न्याय अधिनियम, २०१५. त्यात दोन कलमं शेजारी शेजारी आहेत आणि आमच्या अर्ध्या स्टाफला त्यांची आजही माहिती नाही. कलम ७७: मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखूचा पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. कलम ७८: दारू किंवा अमली पदार्थ विकायला, वाहून न्यायला, पोचवायला मुलाचा वापर करणाऱ्यालाही तेवढंच. म्हणजे गुन्हेगार कोण, हे कायद्यानं सांगून ठेवलंय. दप्तरवाला पोरगा नाही. हे दोन परिच्छेद छापून मी माल पुरवणाऱ्या माणसाच्या घरी गेले. कोण होता ते सांगणार नाही, आमच्या गावात सांगायची गरजही नाही. त्यानं चहा दिला, कागद चष्मा लावून वाचला आणि घडी करून खिशात ठेवला. त्यानंतर शाळेतलं एकही पोरगं त्यानं वापरलं नाही. शाळा सोडलेली वापरली.

हे यश आहे का, असं मी स्वतःला विचारते तेव्हा २०१० ची मी म्हणते, निदान दप्तर तरी सुटलं. आताची मी म्हणते, दप्तर सुटलं म्हणून पोरगा सुटला असं कोणी सांगितलं? कारण तो दहावीत नापास झाला, कोळशाच्या ट्रकवर क्लीनर म्हणून गेला, आणि दारू प्याला. कधी प्याला ते ऐका. बंदीत नाही. नदीवरून पव्वे आणायचा तेव्हा नाही. २७ मे २०२१ ला मंत्रिमंडळानं बंदी उठवली, त्यानंतर चुलतभावाच्या लग्नात, वरातीत, डीजेपुढे. दुकानातून बिलानं आणलेली बाटली. सख्ख्या काकानं गिलास हातात दिला. हे मला त्यानंच बसस्टँडवर सांगितलं, काही लपवण्यासारखं आहे असं त्याला वाटतच नव्हतं.

कायद्यानं देशी-विदेशी दारूला वयाची अट २५ ची आहे, बिअरला २१. वरातीत कोण वय विचारतं?

म्हणून सांगते, तुमचा प्रश्न मला पटत नाही. बंदी उठवताना सरकारनं जी कारणं दिली, त्यांत बायका आणि लहान मुलं अवैध धंद्यात ओढली गेली हेही होतं. ते खोटं नव्हतं, मी मोजे पाहिलेत. पण दुकानं उघडल्यावर ती मुलं परत वर्गात बसवायला कोणी आलं नाही. मुलांचं नाव घेऊन बंदी लागली, मुलांचं नाव घेऊन उठली. मधल्या सहा वर्षांत आमच्या शाळेत मुलांसाठी म्हणून काय आलं, तर २६ जूनची, अमली पदार्थविरोधी दिनाची रॅली, निबंध स्पर्धा आणि सडलेल्या जबड्यांचे फोटो. फोटो बघून पोरं हसतात. त्यांच्या आज्यानं पन्नास वर्षं खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, खाल्ला आणि तो अजून बैल हाकतो.

खर्र्यावरून आठवलं. शाळेच्या गेटवर "तंबाखूमुक्त शाळा" रंगवलंय. शंभर यार्डांची पिवळी रेघ मारलीय. पानठेला रेघेच्या पलीकडे, अगदी रेघेला खेटून. आणि त्या ठेल्यावरून खर्रा आणायला आठवीच्या पोराला पाठवणारे गुरुजी मी पाहिलेत. ते ज्या दिवशी प्लास्टिकच्या पन्नीत खर्रा घोटणं बंद करतील, त्या दिवशी मी दारूवर भाषण द्यायला उभी राहीन.

भाचा पुण्यात इंजिनिअर आहे. त्यानं आइसलँडचं पाठवलं. तिथं १९९८ मध्ये १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के महिन्याभरात एकदा तरी झिंगलेली असायची, २०१६ पर्यंत ते ५ टक्क्यांवर आलं. काय केलं? रात्री पोरांना बाहेर राहायला वेळेची मर्यादा, पालकांची संध्याकाळची गस्त, आणि खेळ-संगीताच्या क्लबांना पैसा. "मामी, तुमच्याकडे करा ना!" करते बाबा. आमच्या कबड्डीच्या मैदानावर दिवा नाही, आणि गस्त घालायची म्हटली तर अर्धे पालक दुकानाच्या रांगेत सापडतील. पण चेष्टा सोडली तर त्यातला पालकांचा भाग मला पटला. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे, तीही गळते, मोहाच्या दारूच्या भट्ट्या आणि त्यासाठी भिजत घातलेला सडवा तिथंही सापडतो. फरक एवढाच दिसतो की तिथं २०१६ पासून मुक्तिपथसारखं दारू-तंबाखू सोडवण्याचं काम गावोगावच्या समित्यांना धरून उभं आहे. आमच्याकडे आदेश आला, कामाचा माणूस आला नाही. हे माझं मत. आकडे मागू नका.

मग मी काय करते, हा तुमचा पुढचा प्रश्न. फार काही नाही. नववीच्या मुलांना चिठ्ठ्या देते, नाव न लिहिता एवढंच लिहायचं: पहिली चव कोणी दाखवली? घेतली नसेल तर "नाही" लिहा. "नाही"वाले बरेच असतात, ते आधी सांगते, कारण ते कोणी सांगत नाही आणि मग प्रत्येक पोराला वाटतं की आपणच मागे राहिलो. बाकीच्या चिठ्ठ्या अशा: "मामाच्या लग्नात जावयानं." "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीला, सगळ्यांनी." "आजीनं. खोकला होता. मोहाची." "बाबाच्या गिलासात उरली होती ते." अनोळखी माणूस, शहरातला माणूस, असा एकाही चिठ्ठीत येत नाही. या मी पालकसभेत वाचून दाखवते. पहिल्या वेळी एक बाप उठून म्हणाला, "अक्षर दाखवा, मले वळखू येईल." मी दाखवलं नाही. पुढच्या सभेला बाप कमी आणि माया जास्त आल्या.

याचा उपयोग होतो? एका घरात लग्नाच्या पत्रिकेखाली "वरातीत पोरांना कोणी पाजू नये" असं छापलं. लोक हसले. वरातीत पाजलं की नाही, मी बघायला गेले नाही.

गेल्या महिन्यात त्या दप्तरवाल्या पोराची माय घरी आली. आता गावातल्या दुकानासाठी आडवी बाटली करायची म्हणते. अर्ज करायचा, गुप्त मतदान घ्यायचं, गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली की दुकान बंद. तिच्याकडे सह्यांचा कागद होता. मी तिला मोज्यांची आठवण दिली. नदी अजून तिथंच आहे, पलीकडचं दुकानही.

"आहे तं आहे," ती म्हणाली.

मी सही केली. आणि तिला स्पष्ट सांगितलं की ही पोट्ट्यांसाठी नाही, त्यांचं यानं काही होणार नाही.

"पोट्ट्यायचं नावच घेतलं नाई मी," ती म्हणाली. "मले रात्री झोप पाह्यजे."