परक्यानं तुझं नाव शोधलं तर

नववीतल्या मुलांच्या इन्स्टाग्रामच्या बायोत, म्हणजे खात्यावरच्या ओळखीच्या ओळींत, हमखास सापडणारी गोष्ट म्हणजे वाढदिवस. ‘केक मर्डर १४ जून’, ‘विश मी २ ऑक्टोबर’. खात्याच्या नावाच्या शेवटी २०१० असतं, म्हणजे जन्मसालही आलं. त्याखाली गाव, शाळेची आद्याक्षरं, ‘राजांचा मावळा’. हायलाइटमध्ये चुलत्यांची नवी गाडी, हार आणि नंबरप्लेटसकट. यातलं एकही वाईट नाही. मुलांना आपल्या माणसांचा आणि गावाचा अभिमान आहे, तो ती दाखवतात. फक्त हे सगळं आपण नेमकं कुणाला दाखवतोय, हा प्रश्न त्यांना कुणी विचारलेला नसतो.

मी गडहिंग्लज तालुक्यातल्या एका शाळेत मराठी शिकवते आणि नववीची वर्गशिक्षिका आहे. संगणक हा माझा विषय नाही. पण मुलांची भांडणं वर्गशिक्षिकेकडं येतात आणि हल्ली बरीचशी भांडणं मोबाईलमध्ये सुरू होऊन सकाळी प्रार्थनेच्या रांगेत फुटतात. कुणाचा फोटो कापून स्टिकर केलं, कुणाला ग्रुपमधून काढलं, कुणाच्या नावानं फेक आयडी उघडला. म्हणून शनिवारचा शेवटचा तास मी यासाठी ठेवायला लागले. ‘सोशल मीडिया : शाप की वरदान’ हा निबंध मुलं छानच लिहितात, पण त्या निबंधाचा त्यांच्या खात्याशी काही संबंध नसतो. मला त्या खात्याबद्दल बोलायचं होतं.

वर्गात कुणाचंही खरं खातं मी उघडत नाही. त्यानं त्या पोराची शोभा होते आणि बाकीचे शिकण्याऐवजी हसतात. मी ओंकार नावाचा एक मुलगा बनवला आणि त्याचं खातं फळ्यावर काढते. नाव, बायो, डीपी आणि पाच पोस्ट. मग विचारते, तुम्ही ओंकारला ओळखत नाही, तुम्ही सोलापूरला बसलेला कुणीतरी माणूस आहात; काय काय कळलं ते वहीत लिहा.

मोठ्या माणसांपेक्षा मुलं हे फार लवकर ओळखतात. एका पोस्टमध्ये ओंकार सायकलवर आहे आणि मागं दूध संस्थेची पाटी आहे. पहिल्याच खेपेला मागच्या बाकावरचा एक जण उठला, “मॅडम, ह्याचं घर घावलं की! संस्थेच्या म्होरल्या गल्लीत.” दुसऱ्या पोस्टमध्ये पाठीवर क्लासची बॅग आणि ‘रोज साडेसहा’ अशी ओळ. म्हणजे संध्याकाळी तो कुठं असतो ते समजलं. तिसरीत ‘आजीला मिरजेला ॲडमिट केलंय, सगळे तिकडंच, प्रे करा’. इथं वर्ग थोडा वेळ गप्प होतो आणि मग एखादी मुलगी हळूच म्हणते, “म्हणजे घरी कुणी नाही.” एकेका पोस्टमध्ये तसं काहीच नव्हतं, पण पाचही एकत्र वाचल्यावर घर सापडलं, वेळ सापडली, कुलूपही सापडलं. मी त्यांना काहीच सांगितलेलं नसतं. त्यांनीच शोधलेलं असतं, त्यामुळं ते त्यांना पटतं.

त्यानंतर गृहपाठ. घरी जाऊन आपलं खातं सोलापूरच्या त्या माणसाच्या डोळ्यांनी बघा. बहिणीच्या किंवा आईच्या मोबाईलवरून, म्हणजे फॉलो न करणाऱ्याला काय दिसतं ते कळेल. बहुतेकांना इथं एक गोष्ट नव्यानं समजते : खातं प्रायव्हेट असलं तरी नाव, डीपी आणि बायो सगळ्या जगाला दिसतो. प्रायव्हेट केलं म्हणून निर्धास्त असलेल्या मुलांचा केक मर्डर तसाच दारावर टांगलेला असतो. दुसरी अडचण वयाची. १८ वर्षांखालच्या मुलांची खाती आपोआप खाजगी ठेवायला इन्स्टाग्रामनं २०२४ पासून सुरुवात केली आहे. पण खातं उघडताना पोरांनी २००२ साली जन्मलो असं सांगितलेलं असतं. मग ती सोय त्यांना लागू कशी होणार?

दहावीच्या निकालाचं मात्र मी दरवर्षी वेगळं सांगते, आणि ते पालकांनाही सांगते. बोर्डाच्या संकेतस्थळावर निकाल बघायला दोन गोष्टी लागतात, बैठक क्रमांक आणि आईचं नाव. गुणपत्रिकेवर या दोन्ही असतात आणि निकालानंतर तीच गुणपत्रिका मामाच्या, काकांच्या, क्लासच्या स्टेटसवर झळकते. ज्या मुलीला गणितात ४१ पडलेत तिची बेरीज ८२ टक्के असली तरी ते ४१ गावभर होतात. टक्के सांगा, पेढे वाटा, पण कागद टाकू नका. आणि टाकण्याआधी जिचा निकाल आहे तिला एकदा विचारा.

इथं मला जरा थांबायचं आहे. मुलांचं ऑनलाइन नाव मुलांनी नाही, आपण मोठ्यांनी सुरू केलेलं असतं. बारशाचा फोटो, टबातली अंघोळ, बालवाडीच्या पहिल्या दिवशीचं रडणं, सगळं नाव-गाव घालून. तेरा वर्षांचं झाल्यावर मूल स्वतःचं खातं उघडतं, तोवर त्याचा अर्धा इतिहास कुणा आत्याच्या फेसबुकवर लिहून झालेला असतो. माझ्या वर्गातली एक मुलगी म्हणाली, “माझा तिसरीतला रडायचा व्हिडिओ दर वाढदिवसाला टाकतात. सगळे हसतात. मी काढा म्हटलं तर आणखी हसतात.” स्वतःचं नाव कसं सांभाळायचं हे आपण तिला शिकवायला निघालोय आणि घरात तिचं ‘नको’ कुणी ऐकत नाही. ती बाहेर कुणाला ‘माझा फोटो काढून टाक’ असं ठामपणे कशी म्हणेल?

कायदा इथं फारसा कामाला येत नाही, हे मी वाचून घेतलं. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींच्या पीठाच्या निकालात मान्य केलं. त्याच निकालात न्यायमूर्ती संजय किशन कौल यांनी मुलांबद्दल वेगळं लिहिलंय : बालपणी नकळत केलेल्या चुका त्यांना जन्मभर चिकटून राहू नयेत. पुढं २०२३ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा आला. त्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूल आहे, कंपन्यांना पालकांची संमती घ्यावी लागते आणि मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवायला मनाई आहे. चांगलंच आहे. पण एखाद्या माणसानं घरगुती कारणासाठी वापरलेली माहिती या कायद्याच्या बाहेर आहे, आणि आपण स्वतःहून जाहीर केलेली माहितीही बाहेर आहे. म्हणजे आत्याचा व्हिडिओ आणि पोराचा बायो, दोन्हीकडं हा कायदा येणार नाही. ते घरातच सुटायला हवं.

एक सोय मात्र उपयोगी आहे. १८ वर्षांखालच्या मुलाचा फोटो गुगलच्या शोधात दिसत असेल, तर ते मूल स्वतः किंवा त्याचे पालक तो काढण्याचा अर्ज गुगलकडं करू शकतात. २०२१ पासून हे सुरू आहे. फोटो मूळ पानावरून जात नाही, फक्त शोधात दिसायचा थांबतो. पण नाव टाकल्यावर पहिल्याच फटक्यात समोर येणं थांबलं तरी पुष्कळ.

मुलांना घाबरवण्यासाठी हार्वर्डचं उदाहरण सगळे देतात. २०१७ मध्ये एका खाजगी फेसबुक ग्रुपवर घाणेरडे मीम टाकले म्हणून त्या विद्यापीठानं किमान दहा जणांना दिलेले प्रवेश मागं घेतले. गोष्ट खरी आहे, पण आमच्या मुलांना ती परग्रहावरची वाटते. त्यांना जवळची वाटते पालघरची. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबईच्या बंदबद्दल एका तरुणीनं फेसबुकवर लिहिलं, मैत्रिणीनं ते लाइक केलं आणि दोघींना अटक झाली. प्रकरण पुढं बंद झालं. ज्या कलमाखाली गुन्हा दाखल झाला ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ कलम २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रद्दच केलं. मी मुलांना सांगते की त्या मुलींचं चुकलं नव्हतं. पण नुसतं लाइक करणं म्हणजे आपण काहीच बोललो नाही, अशा समजुतीत राहू नका. तुमचं बोटही तुमच्या नावानंच उठतं.

आता सगळ्यात अवघड भाग. आमच्याकडं मुलीचा एखादा फोटो फिरला तर शिक्षा मुलीलाच होते. मोबाईल जातो, क्लास बंद होतो, बारावीनंतर बघू म्हणणारे मावसकाका आत्ताच स्थळं सुचवायला लागतात. हे मुलींना पक्कं माहीत असतं, म्हणून त्या सांगत नाहीत. धमकावणाऱ्यालाही हेच माहीत असतं. त्याचं सगळं बळ त्या न सांगण्यात आहे. म्हणून पालकसभेत मी आई-वडिलांकडून एक वाक्य म्हणवून घेते, अगदी मोठ्यानं : “काहीही झालं तरी आधी मला सांग, तुझी शाळा बंद होणार नाही.” काही वडील लाजतात, पण म्हणतात. घरी जाऊन पोरीसमोर पुन्हा म्हणा, असं मी बजावते.

आणि तसं झालंच, तर तो फोटो ‘बघा काय प्रकार आहे’ म्हणत मुख्याध्यापकांना, भावकीला, ग्रुपवर पाठवू नका. अल्पवयीन मुलांचं अश्लील चित्र पुढं पाठवणं हाच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ब कलमाखाली गुन्हा आहे. खात्याचं नाव, लिंक, तारीख आणि वेळ कागदावर उतरवून घ्या. केंद्र सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर महिला आणि मुलांसाठी वेगळा भाग आहे, तिथं नाव न देताही तक्रार करता येते. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन आहेच. फोटोत अंग उघडं किंवा अर्धउघडं असेल तर ‘टेक इट डाउन’ नावाची मोफत सेवा आहे. फोटो मोबाईलमधून बाहेर जात नाही, त्याचा फक्त एक डिजिटल ठसा तयार होतो आणि त्या ठशावरून इन्स्टाग्राम, स्नॅपचॅटसारख्या सेवा तो फोटो ओळखून काढू शकतात. हे मी मुलांना फळ्यावर लिहून देते, सगळ्यांना, मुलग्यांनाही. त्यांनाही धमक्या येतात आणि ते तर त्याहून कमी बोलतात.

पण नुसतं हे टाकू नका, ते टाकू नका असं किती दिवस सांगणार? टाकण्यासारखंही काही हवं. आमच्या एका विद्यार्थ्याला फुलपाखरांचं वेड आहे. त्याला मी आयनॅचरलिस्ट दाखवलं. फोटो टाकायचा, दिवस नि ठिकाण नोंदवायचं, मग जगभरातले जाणकार ओळख पटवून देतात. घराजवळच्या नोंदीचं ठिकाण धूसर ठेवता येतं, ते त्यानं पहिल्याच दिवशी करून टाकलं, मला सांगावं लागलं नाही. उद्या कुणी त्याचं नाव शोधलं तर सामानगड किल्ल्याच्या वाटेवर त्यानं टिपलेली फुलपाखरं आधी दिसावीत, एवढी माझी इच्छा आहे. दुसरी एक मुलगी मराठी विकिपीडियावर आपल्या गावच्या जत्रेबद्दल लिहायचं म्हणतेय. टोपणनावानं लिहिलेलंही तिथं तिच्या खात्यावर जमा होत राहील.

या वर्षी शाळेच्या वार्षिक अंकासाठी आणि फेसबुक पानासाठी जो संमतीचा फॉर्म पालकांकडून भरून घेतो, त्यात मुलाच्या सहीची जागा करावी असं मी सुचवलं. मुख्याध्यापकांनी मान्य केलं. तीन पर्याय आहेत : नाव आणि फोटो दोन्ही चालतील, फक्त नाव, काहीच नको. पालकांनी होकार दिला आणि मुलानं ‘काहीच नको’ लिहिलं, तर मुलाचं ऐकायचं असं ठरलंय. आठवीतल्या एका मुलीनं ‘फक्त नाव’ लिहिलं आणि पुढं कंसात ‘कवितेखाली’. तिच्या वडिलांनी फोन करून विचारलं की फोटो का येणार नाही. मी म्हटलं, तिलाच विचारा. आता जूनमध्ये पाचवीच्या नव्या पालकांसमोर हाच फॉर्म ठेवायचा आहे, आणि पाचवीचं पोर एवढं कळून सही करेल का, यावर शिक्षकांच्या खोलीत आमचं अजून एकमत झालेलं नाही.